पेन कुठे थांबते? अभ्यास टाळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

२०२४ च्या दिवाळीआधी ऐरोलीहून एक आई आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन ठाण्यात माझ्या घरी आल्या. मुलगा हुशार आहे, पण अभ्यासाला बसतच नाही, बसला तर दहा मिनिटांत उठतो, त्याच्या बाबांनी समजावूनही पाहिले आणि रागावूनही पाहिले, असे त्या जिना चढतानाच सांगू लागल्या. माध्यमिक शाळेत २६ वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झाले आहे आणि ही तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की ऐकताक्षणी तिच्यावर मत देणे मी केव्हाच सोडले. मी मुलाला जेवणाच्या टेबलाशी बसवले, ‘गुणोत्तर व प्रमाण’ या प्रकरणाचा राहिलेला गृहपाठ काढायला सांगितला आणि त्याच्या शेजारी मेथीची जुडी निवडायला बसले.

त्याने पट्टी घेऊन समास आखला. कोपऱ्यात तारीख लिहिली. सरावसंचाचा क्रमांक लिहून त्याखाली आधी निळी आणि मग लाल रेघ ओढली. पहिले उदाहरण पुस्तकातून जसेच्या तसे, वळणदार अक्षरात उतरवून घेतले, खाली ‘उकल’ असे लिहिले आणि तिथे पेन थांबले. मग त्याला तहान लागली. पाणी पिऊन आल्यावर खोडरबर सापडेना. तो सापडल्यावर पेन्सिलला टोक नव्हते. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने एका कोऱ्या कागदावर ‘एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश’ एवढेच मांडून तो कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने क्षणात उत्तर लिहिले: दोन पंचमांश. अंशात अंश मिळवला होता आणि छेदात छेद.

हा मुलगा २०२०-२१ या वर्षात पाचवीत होता. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज पक्की होण्याचे त्याचे वर्ष मोबाईलच्या पडद्यासमोर, आवाज मध्येच तुटत असताना गेले. पुढच्या वर्षांत ज्या ज्या धड्यात अपूर्णांक आला तिथे तिथे तो अडला, आणि ‘मला हे येत नाही’ असे भर वर्गात म्हणण्यापेक्षा पाणी प्यायला उठणे त्याला सोपे वाटू लागले. घरी मात्र एवढी वर्षे त्याला आळशी म्हटले जात होते.

अभ्यासाला बसल्यावर जी अस्वस्थता मनात येते, तिच्यापासून सुटका करून घेण्यासाठी मूल उठते. फुशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये टाळाटाळीची मांडणी अशीच केली होती: माणूस काम पुढे ढकलतो तो त्या क्षणी बरे वाटावे म्हणून, आणि त्याची किंमत उद्याच्या स्वतःला मोजायला लावतो. मोठ्यांचेही असेच होते. प्राप्तिकराचे कागद किंवा डॉक्टरांची तपासणी आपण कशी लांबवतो ते आठवून पाहावे. म्हणून वेळापत्रक, शिक्षा, बक्षीस, नवा क्लास यांपैकी काहीही करण्याआधी पालकांनी एक काम करावे. ती अस्वस्थता नेमक्या कोणत्या विषयात, कोणत्या ओळीवर येते, पेन कुठे थांबते, ते शोधावे.

तीन संध्याकाळी नुसते पाहणे

यासाठी तीन संध्याकाळी काढाव्यात. मूल अभ्यासाला बसेल तेव्हा आपण त्याच खोलीत, पण आपले काहीतरी काम घेऊन बसावे: भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, महिन्याचा हिशेब लिहिणे. मोबाईल मात्र घेऊ नये. मुलाच्या वहीत डोकावू नये, सूचना देऊ नयेत, ‘हे असं काय लिहिलंस’ असे म्हणू नये. उठला तर अडवू नये. रात्री तो झोपल्यावर हिशेबाच्या वहीत चार शब्द लिहून ठेवावेत: कोणता विषय होता, किती मिनिटांनी उठला, उठण्याआधी काय करत होता. तीन दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की बहुधा एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली दिसते.

ती गोष्ट प्रत्येक घरी वेगळी असते. एखादा मुलगा सगळ्या विषयांना बसतो, फक्त गणित आणि भौतिकशास्त्रातील उदाहरणे आली की उठतो. तिथे मागची कच्ची राहिलेली जागा शोधावी लागते. एखादी मुलगी निबंधाची पहिली ओळ लिहून खोडते, पान फाडते, पुन्हा लिहिते. तिला विषय येतो, पण चुकीचे किंवा साधे काही आपल्या हातून लिहिले जाईल ही भीती तिला पुढे जाऊ देत नाही, आणि अशी मुले बहुधा आधीच्या इयत्तांत पहिल्या पाचांत आलेली असतात. एखाद्याला विज्ञानाचा प्रकल्प दोन महिन्यांनी द्यायचा असतो आणि त्याची सुरुवात कशाने करायची हेच त्याला कळत नाही. कोणी नुसते पेंगत असते. आणि काही वेळा वहीत अडथळा नसतोच. शाळेच्या बसमध्ये कोणी रोज चिडवते, मैत्रिणींच्या ग्रुपमधून काढून टाकलेले असते, किंवा घरात आईबाबांचे ज्या गोष्टीवरून खटके उडतात ती गोष्ट भिंतीपलीकडे ऐकू येत असते.

हे शेवटचे कारण नोंदींत सापडत नाही, बोलण्यातून सापडते, आणि या वयाची मुले समोरासमोर बसवले की बोलत नाहीत. शेजारी शेजारी चालताना मात्र बोलतात. माझ्या ओळखीच्या एका वडिलांनी रात्री जेवण झाल्यावर मुलीला घेऊन तलावपाळीला एक फेरी मारायचा नेम ठेवला. पहिले आठ-दहा दिवस दोघे गप्पच चालत होते. मग एका रात्री तिने, तलावातल्या दिव्यांकडे पाहत, वर्गातल्या एका शिक्षकांनी तिची उत्तरपत्रिका सगळ्यांसमोर वाचून दाखवल्याचे सांगितले. नवी मुंबईकरांना पाम बीच रस्त्याकडेच्या किंवा नेरूळच्या पायवाटा आहेत, ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलच्या दारापासून दूरची खिडकी आहे, दुचाकीची मागची सीट आहे. प्रश्न मात्र ‘अभ्यास झाला का?’ असा नसावा, कारण त्याला ‘हो’ एवढे एकच उत्तर असते. ‘आज कुठला तास कंटाळवाणा गेला?’ असे विचारले तर बोलणे सुरू होते.

मागची कच्ची जागा भरणे

कारण न समजण्याचे असेल, आणि माझ्या अनुभवात ते सर्वाधिक वेळा तेच असते, तर चालू धड्याचा आणखी एक क्लास लावून उपयोग नाही. क्लासमध्येही नववीचाच धडा पुढे सरकणार आणि अडलेला मुलगा तिथेही मान डोलावून परत येणार. त्याला मागे न्यावे लागते. कुठपर्यंत मागे, ते असे ठरवावे: आधीच्या इयत्तेचे पुस्तक घ्यावे, त्याच घटकाची पाच उदाहरणे सोडवायला द्यावीत, त्यातली निदान चार सुटली नाहीत तर आणखी एक इयत्ता मागे जावे. जिथे पाचपैकी चार सुटतात तिथून सुरुवात करावी. बालभारतीची सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात, त्यामुळे रद्दीत गेलेली पुस्तके शोधण्याची गरज नाही.

इथे एक काळजी घ्यावी. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात सहावीचे पुस्तक देणे हा त्याचा अपमान आहे. त्याच्या धाकट्या बहिणीने ते पाहिले तर तो ते पुन्हा उघडणार नाही. ऐरोलीच्या त्या मुलासाठी मी उदाहरणे पाठपोट कागदांवर स्वतःच्या हाताने लिहून काढत असे, म्हणजे ती कोणत्या इयत्तेची आहेत हे कोणालाच कळत नसे. आणि नियम सांगण्याआधी मी एक चित्र काढले होते: १२ पावांची लादी, चार रांगा, प्रत्येक रांगेत तीन पाव. लादीचा अर्धा भाग म्हणजे किती पाव? सहा. एक तृतीयांश म्हणजे? चार. दोन्ही मिळून दहा, म्हणजे बारापैकी दहा. मग मी त्याला त्याचे पहिले उत्तर दाखवले आणि विचारले, ‘अर्ध्या लादीत आणखी पाव घातले, तर ती अर्ध्याहून कमी कशी झाली?’ तो बराच वेळ त्या दोन पंचमांशांकडे पाहत राहिला आणि मग स्वतःशीच म्हणाला, ‘म्हणजे छेद मिळवायचाच नसतो.’ ही ओळ त्याला पाचवीत कोणीतरी नक्की सांगितली असणार, पण त्या दिवशी ती त्याची स्वतःची झाली.

रोज पाच उदाहरणे, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही, असे आम्ही सुमारे तीन आठवडे केले. घरी आई-वडिलांना गणित येत नसले तरी एवढे करता येते. उत्तरे पुस्तकाच्या शेवटी असतात आणि मोठा भाऊ, आत्या, शेजारची बारावीतली ताई यांच्यापैकी कोणीतरी सापडते. शेजारची ताई तर अनेकदा माझ्यासारख्या शिक्षिकेपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यासमोर चुकायला लाज वाटत नाही.

काही मुले मात्र तासन्‌तास बसतात आणि तरीही घटक चाचणीत मागे पडतात, मग बसून उपयोग नाही असे ठरवून बसणेच सोडतात. त्यांची अभ्यासाची रीत तपासावी. धडा चार वेळा वाचला की ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा त्यांचा समज झालेला असतो. एकदा वाचून पुस्तक मिटावे, कच्च्या वहीत आठवेल तेवढे लिहावे आणि मग पुस्तक उघडून काय राहिले ते पाहावे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगांत असेच दिसले होते: लगेच घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते.

सुरुवात इतकी लहान की नाही म्हणता येऊ नये

‘आजपासून रोज दोन तास’ हा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मोडल्यावर मुलाच्या मनात स्वतःविषयीची जी नोंद होते ती पुसायला महिने लागतात. टाळणाऱ्या मुलाला पहिले काही आठवडे फक्त दहा मिनिटांचे काम द्यावे. दहा मिनिटांनंतर उठायची खरोखर मुभा असावी. ‘बसलाच आहेस तर आणखी थोडं कर’ असे म्हटले की तो करार तिथेच मोडला. बहुतेक मुले दहाची पंधरा, पंधराची पंचवीस मिनिटे आपणहून करू लागतात. फ्रान्सिस्को चिरिलो यांनी रूढ केलेली २५ मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत अनेक मुलांना आवडते, पण ती पुढची पायरी आहे.

केव्हा बसायचे हे घड्याळापेक्षा एखाद्या घटनेला बांधलेले बरे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दाखवून दिले आहे की ‘मी अभ्यास करीन’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असा ठरवून ठेवलेला निश्चय पाळला जाण्याची शक्यता अधिक असते. मुलाने ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहावे: ‘क्लासवरून येऊन चहा प्यायलो, की लगेच विज्ञानाची वही उघडून कालच्या धड्यातली आकृती काढीन.’ यात कोणती वही आणि कोणते पान हे आले आहे, हे महत्त्वाचे. ‘विज्ञान करीन’ यात पुन्हा ठरवण्याचे काम उरते, आणि दमलेले मूल नेमके तिथेच गळते. मी मुलांना आणखी एक सवय लावत असे. उठताना शेवटचे उदाहरण मुद्दाम अर्धवट सोडायचे, पुढची पायरी काय ते माहीत असताना. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावे लागत नाही, काल सुटत आलेली ओळ पुढे न्यायची असते.

मोठ्या प्रकल्पाचेही तेच. शाळेने वर्षाअखेरीस मागितलेला पाणी व्यवस्थापनावरचा प्रकल्प मुलाला डोंगरासारखा वाटतो. ‘रविवारी सोसायटीच्या पंपाजवळ जाऊन वॉचमनकाकांना टाकी दिवसातून किती वेळा भरते ते विचारायचे’ हे काम त्याला करता येते. स्टेशनजवळच्या दुकानांत तयार थर्माकोलची मॉडेल आणि लिहून दिलेले प्रकल्प मिळतात आणि आदल्या रात्री अनेक पालक तिकडे धावतात. ते करू नये, असे मी कळकळीने सांगते. तयार प्रकल्पाचे पाच गुण मिळतात, पण ‘मी टाळले तरी शेवटी कोणीतरी करून देते’ हा धडाही त्याच्यासोबत घरी येतो. आठवीत किंवा नववीच्या पहिल्या सत्रात ‘वही अपूर्ण’ असा एखादा शेरा आला तर येऊ द्यावा. फक्त त्याआधी वर्गशिक्षकांना भेटून, ‘आम्ही घरी असा प्रयत्न करत आहोत, दोन महिने लागतील, तो काही दिवस सगळा गृहपाठ न करता ठरवलेला भागच आणेल’ असे सांगून ठेवावे. ओपन हाऊसच्या गर्दीत हे बोलणे होत नाही. वेगळी वेळ मागून घ्यावी. बहुतेक शिक्षक अशा पालकांशी मनापासून वागतात, कारण त्यांच्याकडे येणारे बाकीचे पालक फक्त गुणांविषयी भांडायला आलेले असतात.

झोप, क्लास आणि मोबाईल

आपल्या भागातील मुलांचा दिवस एकदा कागदावर मांडून पाहावा. सकाळी सातची शाळा घोडबंदर रस्त्यावरून गाठायची म्हणजे पावणेसहाला उठणे आले. दुपारी घरी, संध्याकाळी पाच ते आठ क्लास, नऊला जेवण, त्यानंतर शाळेचा आणि क्लासचा असा दोन ठिकाणचा गृहपाठ, आणि बारा वाजता झोप. ही पावणेसहा तासांची झोप झाली. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे झोपेच्या अभ्यासकांचे सांगणे आहे. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते आणि झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे ‘नऊला झोप’ म्हटल्याने त्याला झोप येत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. माध्यमिकच्या मुलांना त्याचा लाभ नाही. तेव्हा वेळ कुठून काढायचा हा प्रश्न पालकांनीच सोडवायचा आहे, आणि माझे स्पष्ट मत आहे की तो क्लासच्या वेळेतून काढावा. सगळ्या विषयांचा क्लास बंद करून अडलेल्या एकाच विषयासाठी मदत घ्यावी. प्रवेश परीक्षांची तयारी आठवीपासून करून घेणाऱ्या वर्गांच्या बाबतीत तर जानेवारी २०२४ मधील केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असेच म्हटले आहे.

घर लहान असेल, एका खोलीत टीव्ही, आजोबांचा खोकला आणि धाकट्याचा खेळ एकत्र चालत असेल, तर मुलाची चूक शोधण्याआधी जागा शोधावी. ठाण्यात आणि नवी मुंबईत ठिकठिकाणी अभ्यासिका आहेत, आणि मराठी ग्रंथ संग्रहालयासारखी १८९३ पासून चालत आलेली संस्था ठाण्यात आहे. तिथे इतर मुले मान खाली घालून बसलेली दिसली की आपलेही पान उलटते.

मोबाईल हिसकावून घेऊ नये. शाळेच्या सूचना, गृहपाठाचे फोटो, क्लासच्या बदललेल्या वेळा सगळे व्हॉट्सॲपवरच येते, त्यामुळे मुलाकडे तो मागण्याचे खरे कारण नेहमीच असते. त्याऐवजी घरातले सगळे मोबाईल रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतील, आईबाबांचेसुद्धा, असा नियम करावा. बाबांचा मोबाईल उशाशी राहिला तर हा नियम आठवडाभरही टिकत नाही.

बोलताना

माझी मुलगी आठवीत असताना गादीखाली मला तिची भूगोलाची उत्तरपत्रिका सापडली, २० पैकी ६ गुणांची. त्या दिवशी घरी माझी बहीण आली होती. मी ती उत्तरपत्रिका तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘बघ तुझी भाची, आणि आई शिक्षिका!’ त्यानंतर जवळजवळ वर्षभर मुलीने मला एकही उत्तरपत्रिका दाखवली नाही, आणि तिने त्या आणखी चांगल्या लपवल्या. आज ती स्वतः आई आहे. तिने ते विसरल्याचे मला सांगितले आहे, पण मी विसरलेले नाही. लपवलेला कागद सापडला तर एकांतात, आवाज न चढवता, ‘हा मला सापडला. गुण राहू देत, यातला कुठला प्रश्न तुला आला असता असं वाटतं?’ एवढे म्हणावे. मुलाने एखादा प्रश्न दाखवला की तिथून काम सुरू करता येते.

मामाच्या मुलाशी तुलना, ‘आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खातो’ हे ऐकवणे, दहावीच्या नावाने भीती घालणे, यांनी अस्वस्थता वाढते आणि ज्या अस्वस्थतेपासून तो पळतो तीच आपण त्याच्या पदरात आणखी टाकतो. दहावीविषयी भीतीऐवजी माहिती द्यावी. राज्य मंडळाच्या बहुतेक विषयांत २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात, गणित दोन भागांत प्रत्येकी ४० गुणांचे असते, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो आणि जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. हे सांगितल्याने मुले अभ्यास सोडून देतील अशी पालकांना भीती वाटते. मी उलट अनुभव घेतला आहे: सगळेच बुडणार असे वाटणारा मुलगा काहीच करत नाही, भूमितीच्या ४० पैकी १५ कुठून येतील हे कळलेला मुलगा रचना काढायला बसतो.

घरच्या उपायांनी भागत नसेल तर

सर्वांत आधी डोळे तपासून घ्यावेत. फळ्यावरचे दिसत नसल्यामुळे वही अपूर्ण राहणारी मुले मी दरवर्षी एक-दोन तरी पाहिली आहेत. त्यानंतर, तोंडी उत्तर चटकन देणारे मूल लिहिताना मात्र अक्षरे गाळत असेल, जोडाक्षरांशी अडखळत असेल, ओळ सोडून वाचत असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठीचे स्वतंत्र क्लिनिक आहे. तपासणीला अनेक फेऱ्या लागतात, म्हणून दहावीच्या प्रिलिमची वाट न पाहता आठवी-नववीतच सुरुवात करावी.

आणि मूल शाळेतच जायला नकार देत असेल, आवडत्या खेळातून, मित्रांतून, जेवणातूनही त्याचे मन उडाले असेल, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी वाक्ये कानावर येत असतील, तर अभ्यासाचा विषय त्या दिवशीच बाजूला ठेवावा. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली मानसिक आरोग्यासाठीची आयपीएच ही संस्था ठाण्यातच आहे, आणि केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही उपलब्ध आहे. मनोविकारतज्ज्ञांकडे नेल्याने मुलावर शिक्का बसेल या भीतीने थांबू नये.

बसवलेली घडी विस्कटते तेव्हा

ती विस्कटतेच. गणपतीत पाच दिवस गावी गेले, घरात लग्न निघाले, दिवाळीची सुट्टी लागली की बसायची सवय सुटते आणि पालकांना वाटते की सगळे पाण्यात गेले. ऐरोलीच्या मुलाचेही डिसेंबरात तसेच झाले. सर्दी-तापाने आठवडा गेला आणि मग आणखी दोन आठवडे त्याने वहीला हात लावला नाही. त्याच्या आईने मला फोनवर विचारले, ‘मॅडम, राहिलेले दिवस भरून काढायला रोज दुप्पट करून घेऊ का?’ मी नको म्हटले. मायकेल वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, त्यात पहिल्या परीक्षेआधी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली होती. सुटलेल्या दिवसांचा हिशेब मागू नये, मूल स्वतः काढू लागले तर त्यालाही थांबवावे. पुन्हा दहा मिनिटांवर यावे, तेही त्याला सुटतेच अशा उदाहरणापासून. संध्याकाळी चहा झाला की वही काढून, अर्धवट सोडलेले पान उघडून त्याच्यापुढे ठेवावे, आणि आपण शेजारी भाजी निवडायला बसावे.